दत्तकाचा वारसा

इ. स. १८५० सालीं कंपनी सरकारनें एकविसावा कायदा केला. धर्म किंवा जात सोडली एवढ्याच कारणानें कोणाचाहि वारसाहक्क नष्ट होऊं नये, असा त्याचा आशय होता. कागदावर प्रश्न सुटला. घरांत मात्र सुटला नाहीं. ख्रिस्ती झालेल्या मुलास वाड्यांतील हिस्सा कोर्टांतून मागतां येई. पण पंक्तींतील पान आणि आईच्या हातचें पाणी कोणतें कोर्ट देणार?

ख्रिस्ती धर्मशास्त्रांत वारशाचा विचार निराळ्याच वाटेनें आला आहे. संत पौलानें रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत दत्तकाचा दृष्टांत घेतला. श्रद्धावान मनुष्य हा देवाचा दत्तक पुत्र, आणि पुत्र म्हणून वारस, अशी त्याची विचारसरणी. मराठी बायबलांत त्यासाठीं ‘दत्तकपण’ हाच शब्द आहे. वऱ्हाडाशेजारचें नागपूरचें राज्य वारसाच्या वादांत १८५४ सालीं खालसा झालें होतें. इकडच्या लोकांस दत्तकाचा अर्थ समजावून सांगण्याचें कारण नव्हतें.

त्या अर्थाची कसोटी दुष्काळानें लागली. १८९६-९७ व पुन्हां १८९९-१९०० या सालीं वऱ्हाड-मध्यप्रांतांत अन्नान्न दशा झाली. अमरावती, अकोला, खामगांव या भागांत त्या वेळीं अमेरिकेंतील अलायन्स मिशनचें काम चालू होतें. पोरक्या मुलांसाठीं अकोल्यास व मुलींसाठीं खामगांवास अनाथालय चाललें. याच मिशनच्या जेनी फुलर यांचें हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीवरील इंग्रजी पुस्तक १९०० सालीं निघालें व त्यास पंडिता रमाबाईंची प्रस्तावना लाभली. ज्या मुलांना शेत नाहीं, घर नाहीं, गणगोत नाहीं, त्यांच्या बाबतींत ‘तूं वारस आहेस’ हें वाक्य केवळ प्रवचनाचें राहिलें नाहीं. अर्थात् भाकरीबरोबर धर्म द्यावा कीं नाहीं, हा वाद तेव्हांहि होता आणि तो अगदींच निराधार नव्हता.

शिवाय या वारशाबरोबर दुसराहि एक वारसा आला : परक्या चाली, परका पोशाख आणि मिशनचा पगार. याची खंत नारायण वामन टिळकांइतकी क्वचितच कोणास वाटली असेल. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु तुकोबांची गोडी सोडली नाहीं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. अभंग, कीर्तन, भजन हें सारें आपलेंच आहे, तें टाकून वारस कसें व्हावें, हा त्यांचा सवाल होता. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी सेवाहि सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले. त्यांच्या इच्छेनुसार देहास अग्निसंस्कार झाला.

परंतु रोजच्या संसारांत हा वारसा कसा उतरतो हें पाहावयाचें, तर टिळकांपेक्षां लक्ष्मीबाईंकडे पाहावें. पतीच्या धर्मांतरानंतर त्या कांहीं वर्षें माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढें एकत्र आल्या, त्या सोंवळें घेऊनच : स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें. कोणीं त्यांच्यावर सक्ती केली नाहीं. मनुष्यामनुष्यांतील उच्चनीच भाव देवानें निर्माण केला नाहीं, हें त्यांचें त्यांनाच उमगलें आणि वेगळी चूल विझली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे तत्त्व आधीं स्वयंपाकघरांत शिरलें, मग देवळांत. पुढें त्यांच्या घरांत पोरकीं मुलें वाढलीं, बालकवि ठोंबऱ्यांसारखा तरुण कवि राहिला. कधीं पैसा असे, बहुधा नसे. टिळक दानांत उधळे, आणि उद्यांच्या पिठाची चिंता बाईंची! ‘स्मृतिचित्रें’त हें सारें त्यांनीं हंसत हंसत सांगितलें आहे.

शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईंस अक्षरओळख टिळकांनीं करून दिली होती. त्यांच्या मागें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरें राहिलें. थोडे अध्याय टिळकांचे. बाकीचे, आणि तेच पुष्कळ अधिक, लक्ष्मीबाईंनीं लिहून काढले.