बंदूक कोणाच्या हाती?

माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढाईत कामी आले. वय अवघे २२. साथीदार कोसळल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनचे ठाणे मोडले होते. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात पुतळा उभा राहिला.

नवी मुंबईतल्या वर्गात मी त्यांच्याबरोबर शेजारच्या महाड तालुक्यातील रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांविषयीही सांगतो. इंग्रजांनी १८९२च्या सुमारास महारांची लष्करभरती थांबवली, तेव्हा या निवृत्त सैनिकाने त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१७ची महार पलटण १९२१मध्ये मोडली. महार रेजिमेंटला १९४१ उजाडले.

शौर्याला जात नव्हती, भरतीला होती. यशवंतरावांना मानवंदना देताना, ज्यांच्या हाती बंदूकच दिली नाही त्यांचाही इतिहास आपणच लिहिला पाहिजे.