टेच्यालोयान हस्तलिखिते

मेक्सिकोतील नावाट्लभाषिक गावांच्या जमिनींवरील हक्कांच्या समर्थनार्थ स्पॅनिश अंमलात तयार झालेली सचित्र हस्तलिखिते. त्यांचा काळ सामान्यतः सतराव्या शतकाची अखेर व अठराव्या शतकाचा आरंभ असा मानतात. मेक्सिकोचे खोरे आणि त्याच्या पश्चिमेचे टोलूका खोरे यांतील गावांशी निगडित अशी सु. ५० हस्तलिखिते ज्ञात आहेत. सान आंतोन्यो टेच्यालोयान या गावच्या हस्तलिखितावरून सर्व गटास हे नाव मिळाले.

पार्श्वभूमी : स्पॅनिश विजयापूर्वी (१५२१) गावांच्या सीमा, वंशावळी व करभार यांच्या नोंदी ‘ट्लाक्विलो’ म्हणजे चित्रकार-लेखक चित्रलिपीत ठेवीत. स्पॅनिश न्यायालयांनीही आरंभी अशी चित्रे पुरावा म्हणून स्वीकारली. सोळाव्या शतकात साथीच्या रोगांनी लोकसंख्या अतोनात घटली. विरळ झालेल्या वस्त्या शासनाने एकत्र आणल्या व ओस पडलेली बरीचशी जमीन स्पॅनिश जमीनदारांच्या हाती गेली. सदोष किंवा लेखी आधार नसलेला ताबा शुल्क भरून नियमित करून घेण्याची तरतूद १५९१ च्या राजाज्ञेने करण्यात आली. सतराव्या शतकात गावांची लोकसंख्या पुन्हा वाढू लागली, तेव्हा जमिनीवरील तंटेही वाढले. १६८७ च्या राजाज्ञेने गावाभोवती ६०० वारा (सु. ५०० मी.) जमीन राखून ठेवण्यात आली, परंतु जमीनदारांच्या तक्रारींवरून १६९५ मध्ये हे अंतर शेवटच्या घराऐवजी गावातील चर्चपासून मोजण्याचे ठरले. साहजिकच गावांचे क्षेत्र आकसले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत असूनही हाती कागद नाही, ही अनेक गावांची अडचण होती.

स्वरूप : ही हस्तलिखिते ‘आमाटे’ या झाडाच्या सालीपासून बनविलेल्या जाड, खरबरीत कागदावर आहेत. गावचे मुखिया, चर्च, डोंगर, झाडे व शेते यांची रंगीत चित्रे आणि त्यांसोबत मोठ्या रोमन अक्षरांत लिहिलेला नावाट्ल मजकूर असतो. गावाची स्थापना, सीमांवरील स्थळे व जमिनींची मोजमापे हे त्यांतील मुख्य विषय होत.

सत्यतेचा प्रश्न : ही हस्तलिखिते आपण सोळाव्या शतकातील असल्याचे भासवितात. तथापि अनेक गावांच्या हस्तलिखितांत आढळणारी चित्रशैली व अक्षरवळण यांची एकरूपता, मुद्दाम जुनाट ठेवलेली भाषा आणि स्पॅनिश शब्द टाळण्याचा अट्टहास यांवरून ती नंतरच्या काळी एका किंवा मोजक्या कार्यशाळांत तयार झाली असावीत, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. काहींनी त्यांचा संबंध मोक्तेसूमाचा वंशज म्हणविणाऱ्या दिएगो गार्सिया दे मेंदोसा मोक्तेसूमा याच्याशी जोडला आहे. या कारणास्तव पूर्वी त्यांची गणना केवळ बनावट दस्तऐवजांत होई. परंतु कालनिर्देश खोटा असला, तरी त्यांत नोंदलेली स्थळनामे, सीमा व गावाची परंपरागत स्मृती खोटी ठरतेच असे नाही. मौखिक साक्षीपेक्षा जुन्या कागदास अधिक मान देणाऱ्या न्यायव्यवस्थेस गावांनी दिलेले ते उत्तर होते. सतराव्या शतकातील ग्रामस्थ आपल्या गावाचा भूतकाळ कसा कल्पीत होते, हे जाणण्याचे ते मोलाचे साधन आहे.

उत्तरकाल : गावच्या जुन्या कागदांचे महत्त्व वसाहतकाळानंतरही टिकले. १९०९ मध्ये एमिल्यानो सापाता आनेनेक्विल्को गावाचा प्रमुख निवडला गेला, तेव्हा जमिनींची जुनी कागदपत्रे त्याच्या स्वाधीन करण्यात आली. ती त्याने क्रांतीच्या धामधुमीतही जपली. ६ जानेवारी १९१५ चा कायदा आणि १९१७ च्या संविधानाचा २७ वा अनुच्छेद यांनी हिरावलेल्या जमिनी परत मागण्याचा हक्क गावांना दिल्यावर असे दस्तऐवज पुन्हा शासनापुढे आले. क्वाहिमाल्पा येथील टेच्यालोयान हस्तलिखित मेक्सिकोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून १९९७ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत त्याचा समावेश झाला.