कानाच्या हाडात किडनीची गाठ : प्रस्तावना

किडनीचा कर्करोग कानाभोवतीच्या हाडात उतरतो, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही पहिल्यांदा खरे वाटत नाही. किडनी कमरेत, कान डोक्याशी. दोघांचे डॉक्टर वेगळे, ओपीडी वेगळी, पाठ्यपुस्तकेही वेगळी. या दोन विभागांच्या मधल्या जागेत अडकलेल्या रुग्णासाठी हा अभ्यास आहे. नांदेड-लातूरकडे कान-नाक-घसा विभागात नव्याने रुजू झालेला निवासी डॉक्टर, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा फॅमिली डॉक्टर आणि आपल्या माणसाचा आजार समजून घेऊ पाहणारे नातेवाईक, या सर्वांचे या विषयात मनापासून स्वागत.

विषय दुर्मिळ आहे, पण नवा नाही. 1883 मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ पॉल ग्राविट्झ यांनी किडनीतल्या या गाठींचे वर्णन केले. त्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीच्या चुकार पेशींतून उगवतात, असा त्यांचा समज होता. पुढे तो चुकीचा ठरला; या पेशी किडनीच्याच सूक्ष्म नलिकांतल्या असतात. 1940 मध्ये शरीररचनातज्ज्ञ बॅटसन यांनी कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याचा अभ्यास मांडला. या शिरांना झडपा नसतात. त्यामुळे खोकताना किंवा कुंथताना पोटातला दाब वाढला, की रक्त त्यांतून उलट दिशेने, कवटीच्या तळापर्यंत जाऊ शकते. रक्ताच्या नेहमीच्या वाटेवरच्या फुप्फुसात काहीही न सापडता डोक्याच्या हाडात गाठ कशी निघते, या कोड्याचे एक उत्तर इथे मिळाले. 2000 मध्ये कानतज्ज्ञ पापारेला यांच्या गटाने कर्करोगाने मृत्यू पावलेल्या 212 जणांची कानशिलाची हाडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. 47 जणांच्या हाडांत कर्करोग पोचलेला होता. म्हणजे आपण समजतो त्यापेक्षा हा प्रसार जास्त घडतो. शोधला जातो तो कमी.

कानशिलाच्या हाडाचा आतला भाग शरीरातल्या सर्वांत कठीण हाडांपैकी एक. पण त्याच्या टोकाशी मज्जेने भरलेली जागा असते. तिथे रक्त संथ वाहते आणि रक्तासोबत आलेल्या पेशींना रुजायला उसंत मिळते. याच हाडातून चेहऱ्याची नस जाते, ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची यंत्रणाही इथेच असते. म्हणून गाठ लहान असली तरी तिचे परिणाम मोठे होतात: कमी ऐकू येणे, तोंड वाकडे होणे, चक्कर, कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज, रात्री झोपू न देणारे दुखणे.

किडनीच्या कर्करोगांपैकी सुमारे तीन चतुर्थांश 'क्लिअर सेल' प्रकारचे असतात. त्यांतल्या बहुतेकांत व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले असते. 1993 मध्ये ते ओळखले गेले. पेशीला प्राणवायू कमी पडतो आहे की नाही, हे ठरवणाऱ्या साखळीतला हा महत्त्वाचा दुवा. त्या साखळीच्या संशोधनासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना 2019 चे नोबेल मिळाले. हे जनुक बिघडले, की प्राणवायू पुरेसा असूनही पेशी नव्या रक्तवाहिन्या मागत राहते. म्हणूनच ही गाठ रक्ताने भरलेली असते, किडनीतही आणि कानातही. हाच जनुकदोष वारशाने आलेल्या कुटुंबांत कानाच्या आतल्या एका पिशवीतून स्वतंत्र गाठही उगवू शकते. किडनी आणि कान यांचे नाते असे दुहेरी आहे, आणि अभ्यासकाला या विषयाची ओढ लागावी ती इथेच.

आपल्या भागात ही ओळख अवघड का जाते? कान वाहणे इथे घरोघरी माहीत आहे. वाहत्या कानासोबत तोंड वाकडे झाले, तर हाड कुरतडणारा जुना संसर्ग आठवतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. लघवीतून रक्त गेले तर मुतखडा म्हणून किंवा उन्हाळी लागली म्हणून दिवस काढले जातात. किडनीचे ऑपरेशन दहा वर्षांपूर्वी पुण्याला किंवा हैदराबादला झालेले असते, कागद घरी राहिलेले असतात, आणि कानाच्या डॉक्टरला ते सांगायचे असते हे कुणाच्या मनातही येत नाही. हा कर्करोग मात्र ऑपरेशननंतर दहा वर्षांनीही डोके वर काढू शकतो. कधी तर कानाची तक्रार हीच किडनीच्या आजाराची पहिली खूण ठरते. म्हणून या अभ्यासाचा गाभा एका प्रश्नात आहे: पूर्वी कुठली गाठ, कुठले मोठे ऑपरेशन झाले आहे का? सोबत कुशीवरचा व्रण पाहावा आणि पोटाची सोनोग्राफी करावी. सोनोग्राफी आता तालुक्यालाही होते.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. कानाच्या पडद्यामागे लाल, ठोके देणारी गाठ दिसली, तर ओपीडीत तिचा तुकडा काढू नये. रक्तस्राव आवरणे कठीण जाते. ग्लोमस नावाची गाठ अगदी अशीच दिसते. आधी सीटी आणि एमआरआय, गरजेप्रमाणे रक्तवाहिन्यांचे चित्रण, आणि मगच पूर्ण तयारीनिशी तुकडा. पॅथॉलॉजिस्टला रुग्णाची पूर्ण हकीकत लिहून द्यावी. कानाचा तुकडा पाहताना किडनीचा विचार करायला तीच त्यांना प्रवृत्त करते.

उपचारांचे चित्र पुष्कळ बदलले आहे. एकच गाठ असेल तर तिचा रक्तपुरवठा आधी बंद करून शस्त्रक्रिया करता येते. नेमक्या जागी जास्त मात्रेचे किरण देता येतात. 2006 मध्ये सुनिटिनिबला आणि 2015 मध्ये निव्होलुमॅबला अमेरिकेत या रोगासाठी मान्यता मिळाली, आणि औषधोपचाराला नवी दिशा आली. तरीही अनेकांच्या बाबतीत उद्दिष्ट रोग आटोक्यात ठेवणे हेच असते. तेव्हा वेदना थांबवणे आणि मिटत नसलेल्या डोळ्याचे बुबुळ कोरडे पडू न देणे हेही पूर्ण मोलाचे उपचार आहेत.

शेवटी आपल्या जबाबदारीविषयी. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये बार्शीत सुरू झाली. मराठवाड्यातले भूम आणि परांडा तालुके तिच्या कक्षेत होते. गावोगाव फिरून रुग्ण शोधणारी ही परंपरा आपल्या शेजारची आहे. पण अशा नोंदणीत कर्करोग मोजला जातो तो मूळ अवयवानुसार. किडनीचा रोग कानात पोचला, तरी तो किडनीच्याच खात्यात जमा होतो. कानातल्या रुग्णाची हकीकत टिकेल ती त्याला तपासणाऱ्याने लिहून ठेवली तरच. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था असो किंवा तिथलेच विवेकानंद रुग्णालय, इथल्या प्रत्येक विभागाला हे काम आजपासून करता येईल. तक्रार कधी सुरू झाली, तपासण्यांत काय दिसले, कोणता उपचार केला आणि रुग्ण पुढे कसा राहिला, एवढे नीट लिहावे. तेवढ्यावर मराठवाड्याच्या रुग्णांतून मराठवाड्याला शिकता येईल.