हत्तीची सोंड आणि चांदीचा हिशेब



कच्छमधील भुजच्या चांदीकामात चहाच्या किटलीची एक नामी तऱ्हा आहे. तोटीला हत्तीच्या मस्तकाचा आकार. चहा ओतावयाचा तो सोंडेतून. मुठीच्या जागी कधी वळसा घेतलेला नाग. लंडनच्या जॉन शुप्पे याने अठराव्या शतकात केलेली दुधाची चांदीची गाय याच जातीची: पाठीवर झाकण, शेपटीची मूठ आणि तोंडातून दुधाची धार.

आपण बदनापूरकर साध्या ॲल्युमिनियमच्या किटलीतला चहा पिणारे. पण कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की आम्ही दोन प्रश्न विचारतो: ही घडविली कोणी? आणि माल आला कोठून?

पहिल्याचे उत्तर ठशात शोधावे. ओमरशी मावजी हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कच्छ दरबारचे नामांकित चांदीकाम करणारे. ‘ओ. एम.’ आणि ‘भुज’ हा त्यांचा इंग्रजी ठसा. चांदीचा पत्रा ठोकून भांडे उभे करावयाचे, आकार दबू नये म्हणून आत राळेचे मिश्रण भरावयाचे आणि मग छिन्नीने नक्षी उठवावयाची, असे हे काम. चांदी लवकर तापते. म्हणून मुठीच्या सांध्यात हस्तिदंताच्या चकत्या बसवीत. पिणाऱ्याचा हात पोळू नये एवढी काळजी कारागिराने घेतली. ठशात मात्र पेढीचे नाव राहिले, भात्यापाशी बसणाऱ्याचे नाही.

आता दुसरा प्रश्न. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडचे युवराज मुंबईस उतरले. त्यांच्यासाठी मद्रासच्या पी. ऑर अँड सन्स या पेढीने देवदेवतांच्या आकृतींचा चांदीचा चहासंच घडविला. पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस फसला. दुष्काळ १८७८ पर्यंत चालला. कुणब्याच्या घरची शिल्लक म्हणजे बायकोच्या अंगावरची चांदी. तोडे, वाळे मोडीत निघाले आणि मुंबईच्या टांकसाळीत दागिन्यांचे ढीग वितळविण्यास येऊ लागले.

वितळलेल्या चांदीला जुनी ओळख उरत नाही. म्हणून अमुक किटलीत अमुक बाईचे तोडे आहेत, असे कोणी म्हणू नये. आम्हीही म्हणत नाही. एवढेच सांगतो की, श्रीमंताची चांदी काचेच्या कपाटात टिकली, गरिबाची मुशीत गेली. टिकले तेवढेच मोजणारा इतिहास अर्ध्या पानाचाच जमाखर्च होय. उरलेले पान आपणांस लिहावयाचे आहे.