केळीच्या कोंबाचे सोवळे

खानदेशातल्या केळी बागायतदाराला टिश्यू कल्चरचे रोप आता नवे नाही. पण त्या रोपाची सुरुवात आंघोळीने होते, हे फारसे कोणी सांगत नाही. मातीतून काढलेला मुनवा धुवायचा, वरचे पापुद्रे सोलायचे, जंतुनाशकात काही मिनिटे बुडवायचा, निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुन्हा खंगाळायचा. मगच आतला कोंब बाटलीत जातो.

एवढे सोवळे कशासाठी? बाटलीतल्या खाद्यात साखर असते. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली अमेरिकेत सिद्ध केलेल्या कृतीत लिटरला ३० ग्रॅम! ती कृती आजही चालते. एखादा जंतू जरी आत गेला, तरी कोंब वाढण्याआधी तोच सारी बाटली बळकावतो.

मला नवल वाटते ते याचे, की या कामातली हत्यारे शेतीतून आलेलीच नाहीत. मर्क्युरिक क्लोराइडची जंतुनाशक ताकद रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये दाखवली, ती रोगजंतूंच्या अभ्यासात. ते जहाल विष असल्याने आता ते टाळण्याकडे कल आहे. दुसरे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपड्यांचे ब्लीच. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन आणि अ‍ॅलेक्सिस कॅरल यांनी त्याचे सौम्य द्रावण सैनिकांच्या चिघळलेल्या जखमा धुण्यासाठी वापरले. कोंब कापताना समोरून गाळलेल्या हवेचा संथ झोत येतो. ती युक्ती १९६० च्या सुमारास विलिस व्हिटफील्ड यांची. तीही अण्वस्त्रांच्या बारीक भागांवर धूळ बसू नये म्हणून!

पण ही आंघोळ बाहेरची. विषाणू पेशीच्या आत असतो, तिथे ब्लीच पोचत नाही. त्यावर वाट काढली फ्रान्समधील मोरेल आणि मार्टिन यांनी. १९५२ मध्ये त्यांनी विषाणूग्रस्त डेलियाच्या शेंड्याचा अगदी सूक्ष्म भाग वाढवून निरोगी झाडे मिळवली.

म्हणून सांगतो, बाटली स्वच्छ दिसली म्हणजे रोप विषाणूमुक्त झाले असे नव्हे. मातृवृक्षच रोगट असेल, तर एका कोंबापासून हजारो रोगट रोपे होतात, आणि ते कळते तेव्हा बाग उभी राहिलेली असते. केंद्र सरकारने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था केली आहे. रोपे घेताना भाव विचारतोच आपण. विषाणू तपासणीचा दाखलाही मागून घ्या.