दुभाषी

आमच्या खडकीच्या घरी एक पेय होत असे. ते चहा नव्हे आणि कॉफीही नव्हे. दोन्ही मिळून, दुधाने दाट केलेले आणि वर जायफळाचा वास. आजोबा त्याला 'दुभाषी' म्हणत. शाळेतल्या सोबत्यांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले होते. चहात कॉफी म्हणजे वरणात आमटी, असे त्यांचे मत. पुढे पुष्कळ वर्षांनी हाँगकाँगविषयी वाचताना कळले की, तिकडे दुधाचा चहा आणि कॉफी यांचे असेच मिश्रण सर्रास पितात आणि त्याला 'युआनयांग' म्हणतात. तो तिकडच्या बदकांच्या एका जातीचा शब्द. नर-मादीची रूपे अगदी वेगळी, पण पोहायची जोडीने, म्हणून हे नाव. आपल्या कवींचे चक्रवाक रात्री एकमेकांपासून दुरावतात. हे बरे, एकाच पेल्यात नांदतात!

आजीची रीत मला पाठ आहे. कोळशाच्या शेगडीवर कल्हईच्या पातेल्यात पाणी उकळायचे, त्यात चहाची भुकटी आणि साखर टाकून तांबडाकाळा रंग येईपर्यंत ठेवायचे. दूध दुसरीकडे, साय धरीपर्यंत आटवलेले. चहा फडक्याने दुधात गाळायचा, एक उकळी आणायची आणि पातेले खाली उतरवायचे. कॉफीचा अर्क यानंतर, विस्तवावरून उतरल्यावरच घालायचा. कारण तो पुन्हा उकळला की कडवटपणा वर येतो आणि मग कितीही साखर घाला, जात नाही. प्रमाण तीन भाग चहा, एक भाग कॉफी. शेवटी सहाणेवर जायफळाचे दोन वेढे. तिसरा वेढा दिला तर दुपारभर झोप येते, असे ती म्हणे.

आता हे दोन परके आमच्या चुलीपाशी भेटले कसे, हा खरा प्रश्न. मराठी माणसाला खडकी म्हटले की 5 नोव्हेंबर 1817 आठवतो, आणि तो आठवावाच. पण त्या लढाईनंतर जी छावणी बसली, तिने आमच्या जेवणाखाण्यात काय घडवले, याकडे बखरकारांचे लक्ष जाण्याचे कारण नाही. इंग्रज तिला 'किरकी' म्हणत. 1869 साली इथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पलटणी आल्या, सॅपर आले, त्यांच्यामागून धोबी, खानसामे, कंत्राटदार, सुतार आले. त्यांत दक्षिणेतली तमिळ कुटुंबे पुष्कळ. खडकी बाजारात मराठीइतकीच तमिळ कानी पडे. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाई त्यांतल्याच. साऱ्या चाळीच्या त्या 'अम्मा'.

कॉफी अम्मांची, चहा आजोबांचा. एवढी विभागणी साफ होती. कॉफीचे या देशातले घराणे जुने. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी फकिराने मक्केच्या यात्रेहून परतताना मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. मळे मात्र वाढले एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी भांडवलावर. चहा त्या मानाने नवखा. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा उभा राहिला तो 1839 साली, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे तो पिकवणारा देश स्वतः तो जवळजवळ पीत नव्हता. 1903 साली चहावर उपकर बसला. त्या पैशातून जाहिरातीची गंगाजळी तयार झाली. 1930 नंतरच्या मंदीत परदेशी गिऱ्हाईक आटले, तेव्हा मळेवाल्यांना एकदम देशी माणसाची आठवण झाली. प्रचारक गावोगाव, घरोघर हिंडले, चहा करून दाखवू लागले. त्यांचा उपदेश असा की, चहा उकळू नये. किटलीत मुरवावा, दूध बेताचे घालावे. आपल्या बायकांनी चहा घेतला आणि उपदेश ठेवून दिला! मळ्यांतली यंत्रे बदलून दाणेदार मामरी चहा निघू लागला, तो तर उकळण्यासाठीच जन्मल्यासारखा. कॉफीवाल्यांनीही तोच कित्ता गिरवला. 1935 साली त्यांचा उपकर झाला, 1936 साली मुंबईत चर्चगेटला पहिले कॉफी हाऊस उघडले.

पण पैसा आणि प्रचार यांनी पेय दारापर्यंत येते. उंबरठा ओलांडायला दुसरेच काही लागते. ते समजायला खडकीहून दोन कोस चालून गुरुवार पेठेत, म्हणजे तेव्हाच्या वेताळ पेठेत, जावे लागेल. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रण होते. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. पुढे चहा-बिस्किटे आली. कोणी प्याले, कोणी पेला हाती घेऊन नुसताच बाजूला ठेवला. डॉ. आनंदीबाई जोश्यांचे यजमान गोपाळराव यांनी नावे 'पुणे वैभव'मध्ये छापवली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी नेमली गेली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले; रानड्यांनी 1892 साली घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. हायकोर्टात बसण्याच्या योग्यतेचा मनुष्य एका पेल्यासाठी प्रायश्चित्ताला बसतो, हे आज विनोदी वाटेल. मला वाटत नाही. पेल्यात चहा होता हे निमित्त. खरा सवाल तो कोणाच्या हातचा, हा होता. पुढे पुण्यात राजस्थानातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांनी 'अमृततुल्य'ची दुकाने घातली आणि पेठांतली सोवळी मंडळीही तिथे निर्धास्त बसू लागली, त्याचे मर्मही मला तेच दिसते.

आमच्या घरी हा सवाल एका कोनाड्यात ठेवलेला असे. स्वयंपाकघराच्या बाहेर, पडवीत, कान तुटलेला एक चिनी मातीचा कप होता. आजोबा कारखान्यात ज्यांच्याबरोबर एकाच यंत्रावर पाळी करीत, ते गृहस्थ महार समाजाचे. ते आले की चहा त्या कपात, वरून, हात न लागू देता. कप तेच विसळून कोनाड्यात ठेवीत. आजोबांना ते खपत असे काय? वडील म्हणत, खपत नसे. पण तोंडाने कधी काही बोलले नाहीत. मी याला भित्रेपणाच म्हणेन.

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. कारखाना रात्रंदिवस चाललेला, साखर रेशनवर, दूध पावशेर मिळाले तर मिळाले. एका पावसाळी संध्याकाळी ते गृहस्थ आजोबांबरोबर भिजून घरी आले. अम्मा दाराशी काही निवडीत बसल्या होत्या. आजीने होते नव्हते ते दूध आणि साखर घालून चहा टाकला. अम्मांना चहा चालत नसे. त्या उठल्या, आपल्या घरातून कॉफीच्या अर्काचे भांडे घेऊन आल्या आणि आपल्या वाटणीचे वेगळे मागण्याऐवजी सरळ आजीच्या पातेल्यात ओतून मोकळ्या झाल्या. अम्मा आमच्या जातीच्या नव्हत्या. आजीच्या हिशेबाने सगळे पातेले ओवळे झाले. फेकावे, तर आठवड्याची साखर मोरीत!

वडील तेव्हा दहा वर्षांचे. ते सांगत की, आजी थोडा वेळ पातेल्याकडे पाहत उभी राहिली. मग तिने फळीवरून चार पितळी पेले काढले आणि चौघांना सारखे ओतले. कोनाड्यातला कप कोनाड्यातच राहिला. त्या गृहस्थांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि निवेपर्यंत प्याले नाहीत.

आजीचे मराठी आणि अम्मांचे तमिळ यांचा मेळ घालायला चाळीतली पोरे लागत. त्यावरून आजोबांनी पेयाचे नाव पाडले. पुढे ते गृहस्थ येत, तेव्हा पितळी पेलाच मिळे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ते तिथे गेले होते आणि परत आल्यावर आमच्याकडे दुभाषी घ्यायला आले, हे मला लहानपणचे अंधुक आठवते. तारीख पंचहौदाचीच, सहासष्ट वर्षांनंतरची. इतिहासात असले योगायोग फारसे मनावर घ्यायचे नसतात. तरी लिहून ठेवतो.

कॉलेजात असताना मी आजीला एकदा विचारले, की त्या संध्याकाळी तू मुद्दाम तसे केलेस का? प्रश्नात माझा थोडा पुढारीपणा होताच. ती जायफळ उगाळीत होती.

"साखर वाया गेली असती रे," ती म्हणाली, आणि मला दूध उतू जातेय का ते पाहायला पाठवले.