गांधिकाचे दार

लोणावळ्यापासून दहा-बारा किलोमीटरांवर असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांचे अनेक लहान लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी एका ओळीच्या प्राकृत लेखाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गांधिकाने लेण्याचे दार दान दिले, एवढेच तो लेख सांगतो. काळ साधारणतः इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. धेनुकाकट नेमके कोठे होते यावर विद्वानांचे एकमत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याच्या परिसरातच शोधण्याचा प्रयत्न केला होता. ते कोठेही असो, आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो दात्याचा व्यवसाय. गांधिक म्हणजे गंधद्रव्यांचा व्यापारी. अंगाला लावायची उटी, चूर्णे, सुगंधी तेले आणि त्यांसाठी लागणारी मुळे, साली, डिंक हा त्याचा माल. त्वचेची निगा हा विषय आज सौंदर्यपुरवण्यांच्या स्वाधीन झाला असला, तरी मावळात त्याचा लेखी इतिहास सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गांधिकापासून सुरू होतो.

हा व्यापारी येथे का असावा, हे समजणे कठीण नाही. कल्याण-सोपाऱ्याकडून बोरघाट चढून आलेला मार्ग याच मावळातून देशावर जाई. कार्ल्याच्याच एका लेखात या मुलखाचा उल्लेख ‘मामाल’ या नावाने येतो आणि त्याच नावाचे आजचे रूप म्हणजे मावळ. त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ भडोच बंदरातून जटामांसी, कोष्ठ आणि गुग्गुळ परदेशी जात असल्याचे नमूद करतो. दिवाळीत आपण जे उटणे आणतो, त्याच्या पुडीवर वाळा, नागरमोथा, गव्हला-कचोरा यांच्या पंक्तीत जटामांसी आजही बसलेली असते.

पण सिंहदत्ताच्या दानात एक विसंगती आहे. ज्या भिक्षुसंघासाठी त्याने दार दिले, त्या संघात प्रवेश करणाऱ्या श्रामणेराला माळा, गंध आणि विलेपन यांचा त्याग करण्याचे शीलव्रत घ्यावे लागे. म्हणजे ज्या वस्तू विकून दाराचा पैसा उभा राहिला, त्यांना दाराच्या आत मज्जाव होता. व्यापाऱ्याचे पुण्य आणि भिक्षूचे व्रत एकाच उंबरठ्यावर भेटत होते. ही विसंगती केवळ गमतीची नाही. शरीराची निगा कोठे संपते आणि नटणे कोठे सुरू होते, हा प्रश्न त्या उंबरठ्यावर उभा आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.

बौद्ध विनयग्रंथांनी हा प्रश्न गांभीर्याने हाताळला. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्या हाती संपूर्ण असलेला पालि विनय थेरवादाचा, तर कार्ल्याचे लेख ज्या पंथाचे नाव घेतात तो महासांघिकांचा. त्यामुळे पालि नियम कार्ल्यात शब्दशः पाळले जात होते असे म्हणता येत नाही. तरीही विचाराची दिशा त्यातून कळते. ‘महावग्गा’तील एक कथा अशी: आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना त्वचारोग झाला, अंगातील स्रावाने चीवर शरीराला चिकटू लागले आणि भिक्षू ते पाण्याने भिजवून सोडवू लागले. तेव्हा खाज, फोड, वाहती जखम किंवा अंगाची दुर्गंधी असणाऱ्यांना औषधी चूर्ण वापरण्याची अनुज्ञा बुद्धांनी दिली. निरोगी भिक्षूसाठी मात्र शेण, माती आणि रंगाचा उकळलेला गाळ पुरेसा मानला. सजावटीसाठी तोंडाला लेप लावणे निषिद्ध, आजारात लावणे विहित. पदार्थ तोच, कृतीही तीच. प्रयोजन बदलले की निवाडा बदलतो.

याच ग्रंथातील आणखी एक अनुज्ञा दख्खनच्या वाचकाला विशेष जवळची वाटावी. मध्यदेशातील भिक्षूंवर वारंवार स्नान करण्यास निर्बंध होते. परंतु अवंती आणि दक्षिणापथातील लोक स्नानाला, जलशुद्धीला फार महत्त्व देतात हे लक्षात घेऊन तेथील भिक्षूंना नित्य स्नानाची मोकळीक देण्यात आली. मावळातील लेण्यांत कोरलेल्या पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, याच्याशी जोडून पाहाव्यात. भाजे येथे महारठी कौशिकीपुत्र विष्णुदत्ताने पोढी दान दिल्याचा लेख आहे. गांधिक दार देतो, महारठी पाणी देतो. भिक्षूच्या त्वचेला त्यांपैकी खरी गरज पाण्याचीच होती.

गृहस्थाच्या दिनक्रमाचा शास्त्रग्रंथ पुढे वाग्भटाने सातव्या शतकाच्या सुमारास रचला. ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय ‘दिनचर्या’ याच नावाचा आहे. रोज अभ्यंग, मग व्यायाम, मग चूर्णाने अंग घासणे अर्थात उद्वर्तन आणि त्यानंतर स्नान, असा त्याचा क्रम. तेल सर्वांगाला लावावे, परंतु डोके, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे तो सांगतो. कफाचा विकार किंवा अजीर्ण असेल तर अभ्यंग वर्ज्य मानतो. ऊन पाण्याने खालच्या अंगाला बळ मिळते, पण तेच डोक्यावर घेतल्यास केस आणि डोळे यांना अपाय होतो, असेही बजावतो. ‘सर्वांना सर्व काळी’ अशी भाषा त्यात नाही.

महाराष्ट्रात या नित्यकर्माचे काय झाले? शब्द राहिले, पण त्यांचा ‘रोज’ गळून पडला. अभ्यंगस्नान म्हटले की आज आपल्याला नरकचतुर्दशीची पहाट आठवते. उटणे म्हणजे वर्षातून एकदा येणारी पुडी. बाळ-बाळंतिणीच्या मालिशीत नित्यक्रम काही आठवडे परत येतो आणि पुन्हा ओसरतो. रोज तेल आणि रोज सवड ही चैन कष्टकरी घराला परवडणारी नसावी. शास्त्राने दिनचर्या म्हणून सांगितलेले कर्म समाजाने सण म्हणून जपले.

विनयातील ती रेषा विसाव्या शतकात कायद्याच्या पुस्तकात पुन्हा उमटली. १९४०च्या औषधविषयक अधिनियमात १९६२च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला आणि औषध व प्रसाधन यांच्या वेगळ्या व्याख्या झाल्या. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत स्थापन केलेल्या विको कंपनीने १९७५मध्ये हळदीची क्रीम बाजारात आणली आणि ती प्रसाधन नव्हे, असे जाहिरातीतून ठासून सांगितले. त्या दाव्याला कराचाही अर्थ होता: औषधावरील उत्पादनशुल्क आणि प्रसाधनावरील उत्पादनशुल्क यांत मोठे अंतर होते. सरकार आणि कंपनी यांचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने या क्रीमला औषधाच्या वर्गात स्थान दिले. चुल्लवग्गातील मुखलेप आणि न्यायालयातील हळदीची क्रीम यांच्यामध्ये सुमारे दोन सहस्रके आहेत. प्रश्न तोच आहे.

त्याच्या उलट घडलेली कथा अधिक दुःखद आहे. स्टिरॉइडयुक्त मलमे ही वैद्यकाने मोजून द्यायची औषधे. ती आपल्याकडे गोरेपणासाठी प्रसाधन म्हणून आणि खाजेवर घरगुती उपाय म्हणून सर्रास वापरली गेली. त्यांनी त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर लाली आणि पुटकुळ्या येतात, आणि नायटा दबल्यासारखा वाटून पसरत जातो. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असे ठरवले. प्रयोजनाचे भान सुटले की औषधही विलेपन होते, आणि त्याची किंमत त्वचा मोजते.

आजचे त्वचाविज्ञान निरोगी माणसाला जी दिनचर्या सांगते, ती भिक्षूच्या मातीइतकीच साधी आहे. त्वचेचा बाह्य स्तर किंचित आम्लधर्मी असतो आणि नेहमीचा साबण अल्कधर्मी. म्हणून साबण सौम्य असावा आणि बेताने लावावा. स्नानानंतर अंग ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावावे, म्हणजे ओलावा टिकतो. उघड्या भागाला उन्हापासून जपावे, कपड्याने, छत्रीने किंवा सनस्क्रीनने. यातील उन्हाचा विचार नवा, बाकीचे ओळखीचे. उटण्याने खसाखसा घासणे आणि लिंबाचा रस चोळणे यांना मात्र या शास्त्राचा पाठिंबा नाही, आणि हळदही सर्वांच्या त्वचेला सोसतेच असे नाही.

आणि तरीही ही दिनचर्या कोणाच्या त्वचेसाठी, हा प्रश्न उरतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच पावसात मावळच्या खाचरांत भाताची लावणी होते, आणि तासन्‌तास चिखलात उभ्या राहिलेल्या बायकांच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, भेगाळते, झोंबते. या त्वचेची निगा म्हणजे संध्याकाळी पाय स्वच्छ धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, दुखणे वाढल्यास दवाखाना गाठणे आणि टाचांच्या भेगांना तेलाचा हात. कोकणात त्यासाठी कोकमाचे तेल पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहे. वाग्भटाने अभ्यंगात पायांचे नाव मुद्दाम घेतले होते. आपल्या जाहिरातींनी ते वगळले आणि त्वचा म्हणजे चेहरा असे समीकरण मांडले. बेलट्ठसीसाच्या कथेत चेहऱ्याचा उल्लेखही नाही. तेथे आहे चिकटलेले वस्त्र, पाणी आणि ते हळूच सोडवणारे सोबती.

सिंहदत्ताच्या मालाचे आज काही उरलेले नाही. त्याचे नाव आणि धंदा मात्र दगडावर आहे, आणि ज्यांना त्याच्या गंधाची गरज नव्हती त्यांच्या निवाऱ्याला त्याने दार दिले हेही. कार्ल्याच्या पायथ्याची खाचरे आजही दर पावसाळ्यात चिखलाने भरतात.